पैसे देऊन वेबसाइटवर गिऱ्हाईक आणणं परवडतं का? हापूसच्या एका खोक्याचा हिशोब

वेबसाइट सुरू होऊन आठवडा होत नाही तोच दोन प्रकारचे मेल यायला लागतात. एकात लिहिलेलं असतं, ‘हजार रुपयांत दहा हजार व्हिजिटर, खात्रीने.’ दुसऱ्यात असतं, ‘गुगल आणि इन्स्टाग्रामवर तुमची जाहिरात आम्ही चालवतो, महिन्याचं बजेट कळवा.’ बोलताना दोन्हींना ‘ट्रॅफिक विकत घेणं’ म्हणतात, म्हणून दोन्ही एकाच जातीचे वाटतात. पहिल्याला नकार द्यायला विचारही करावा लागत नाही. दुसऱ्याचं उत्तर प्रत्येक धंद्याचं वेगळं येतं, पण ते जाहिरात सुरू करण्याआधीच पाठकोऱ्या कागदावर काढता येतं.

समजायला सोपं जावं म्हणून एक ठरावीक धंदा समोर ठेवू: देवगडचा एक बागायतदार, स्वतःची बाग, छोटी वेबसाइट, आणि पुणे, मुंबई, नाशिकला घरपोच हापूस. पुढचे रुपयांचे आणि ऑर्डरींचे आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत. क्लास, होमस्टे, पैठणीचं दुकान किंवा दातांचा दवाखाना असेल तर आपापले आकडे घालायचे, रीत तीच राहते.

घाऊक ट्रॅफिकमध्ये नेमकं काय मिळतं

हजार रुपयांत दहा हजार माणसं येतात कुठून? बहुतेक वेळा ती माणसं नसतातच. डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर प्रोग्राम चालतात, ते ब्राउझर उघडतात, पान खाली सरकवतात आणि निघून जातात. काही ठिकाणी खरी माणसं असतात, पण ती भलतंच काही पाहायला आलेली असतात: सिनेमा डाउनलोड करायला क्लिक केलं आणि मागे नकळत तुमची साइट उघडली. काही जण ‘तू माझी साइट उघड, मी तुझी उघडतो’ अशा योजनेत पॉइंट गोळा करत असतात. यातलं कोणीही आंबे घ्यायला निघालेलं नसतं.

हा उद्योग किती सफाईने चालतो याचा पुरावा अमेरिकेतल्या न्यायालयात नोंदलेला आहे. २०१६ मध्ये व्हाइट ऑप्स या सुरक्षा कंपनीने ‘मेथबॉट’ नावाची यंत्रणा उघडकीला आणली. भाड्याने घेतलेल्या १,९०० हून अधिक सर्व्हरवर खोटे ‘प्रेक्षक’ चालवले जात होते. ते माउस हलवत, पान सरकवत, व्हिडिओ सुरू करून मध्येच थांबवत. जाहिरातदारांनी या खोट्या प्रेक्षकांपायी ७० लाख डॉलरहून जास्त मोजले होते. सूत्रधार अलेक्सांद्र झुकोव्ह याला २०२१ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. मोठ्या कंपन्यांना फसवणारं तंत्र इतकं पुढे गेलेलं असताना हजार रुपयांच्या पॅकेजमध्ये खरी माणसं मिळतील ही आशा सोडून दिलेली बरी.

कोणी आधीच असं पॅकेज घेतलं असेल तर तपासणं सोपं आहे. साइटवरच्या भेटी मोजणाऱ्या गुगल अ‍ॅनालिटिक्समध्ये ‘एंगेज्ड सेशन’ नावाचा आकडा असतो. भेट दहा सेकंदांपेक्षा जास्त चालली, किंवा दोन पानं पाहिली गेली, किंवा तुम्ही महत्त्वाची म्हणून नोंदवलेली एखादी कृती झाली, तरच भेट त्यात मोजली जाते. विकत घेतलेल्या गर्दीत हे प्रमाण तळाला गेलेलं दिसतं, नाहीतर सगळ्यांचा वेळ संशय यावा इतका सारखा येतो. तासांप्रमाणे आलेख पाहिला की पहाटे तीनला जेवढे लोक तेवढेच रात्री आठला. व्हॉट्सअ‍ॅपच्या बटणावर क्लिक शून्य. होस्टिंगच्या पॅनलमधून सर्व्हरचा लॉग काढला तर बरेचसे आयपी पत्ते घरगुती इंटरनेट कंपन्यांऐवजी क्लाउड कंपन्यांचे निघतात.

नुकसान हजार रुपयांवर थांबत नाही. साइटवर मेटाचा (म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीचा) पिक्सेल, म्हणजे भेटी नोंदवणारा छोटा कोड, बसवलेला असेल तर तो या खोट्या भेटींचीही नोंद घेतो. पुढे ‘साइटवर येऊन गेलेल्यांना पुन्हा जाहिरात दाखवा’ किंवा ‘त्यांच्यासारखे लोक शोधा’ असं सांगितलं, की यंत्रणा बॉटसारखेच ‘लोक’ शोधायला लागते. साइटवर अ‍ॅडसेन्स (साइटवर इतरांच्या जाहिराती दाखवल्याबद्दल पैसे देणारी गुगलची योजना) असेल तर धोका आणखी मोठा आहे. आपल्या साइटवर येणाऱ्या ट्रॅफिकच्या दर्जाची जबाबदारी गुगल साइटमालकावर टाकतो. अवैध ट्रॅफिक आढळलं की कमाई परत घेतली जाते आणि खातंही बंद होऊ शकतं. आणि ‘ट्रॅफिक वाढलं की गुगलमध्ये वरचा नंबर येतो’ हे विकणाऱ्याचं वाक्य मनावर घेऊ नका. गुगलला थेट पैसे देऊन जाहिरात केली तरी मोफत निकालातला क्रम बदलत नाही, मग तिसऱ्याच कोणाला दिलेल्या पैशांनी तो कसा बदलेल?

क्लिकची किंमत कशी ठरते

आता खरी जाहिरात. कोणी फोनवर ‘देवगड हापूस ऑनलाइन’ असं शोधलं, की त्या क्षणी त्या एका शोधासाठी लिलाव होतो. एका क्लिकला जास्तीत जास्त किती देणार, ही तुमची बोली. पण बोली सर्वांत मोठी असली की वरची जागा मिळतेच असं नाही. या जाहिरातीवर लोक क्लिक करतील का, ती शोधाशी जुळते का आणि क्लिकनंतरचं पान कामाचं आहे का, हेही गुगल मोजतो.

गणित सोपं करून पाहू. एका व्यापाऱ्याची बोली २० रुपये आणि दर्जा ४, म्हणजे ८० गुण. तुमची बोली १२ रुपये आणि दर्जा ८, म्हणजे ९६ गुण. तुम्ही वर. आणि तुम्हाला बाराही द्यावे लागत नाहीत. खालच्याच्या ८० गुणांना मागे टाकण्यापुरते, म्हणजे ८० भागिले ८, साधारण १० रुपये लागतात. प्रत्यक्षात यात शोधणाऱ्याचं ठिकाण, फोन, वेळ असे आणखी घटक येतात. खात्यात दिसणारा १ ते १० चा ‘क्वालिटी स्कोअर’ हा फक्त निदानापुरता असतो. लिलावाच्या वेळी मोजमाप ताजं होतं. तरी मुद्दा पक्का आहे: पान आणि मजकूर सुधारला की तोच क्लिक स्वस्त पडतो.

म्हणून पहिला खर्च जाहिरातीवर न करता पानावर करावा. पान फोनवर अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवं. कॅमेऱ्यातून आलेला पाच एमबीचा आंब्यांचा फोटो तसाच चढवला असेल तर ते जमत नाही. तो दोनशे केबीच्या आसपास आणा. पानाच्या वरच्याच भागात भाव, एका फळाचं वजन, कोणत्या पिन कोडला पोचतं, किती दिवसांत पोचतं आणि फळात साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) निघाला तर काय करणार, हे सगळं हवं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर ते प्रमाणपत्र इथेच दाखवा. कर्नाटकातला आंबा हापूस म्हणून विकला जातो हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं, आणि अनोळखी साइटवर पैसे भरताना त्याच्या मनात पहिली शंका तीच येते.

कागदावरचा हिशोब

दोन डझनांचा खोका २,००० रुपयांना विकायचा आहे. तेच फळ वाशीच्या घाऊक बाजारात पाठवलं असतं तर १,१०० रुपये हातात आले असते असं धरा. स्वतःच्या बागेतलं फळ फुकटचं धरायची चूक बरेच जण करतात आणि मग सगळा हिशोब गोड दिसतो. खोका आणि पेंढा ८० रुपये, वाहतूक २५०. डागी किंवा साका निघालेल्या फळांच्या बदल्यात द्यावं लागणारं फळ पाच टक्के धरलं तर १००. पेमेंट गेटवेचे दोन टक्के आणि त्यावर जीएसटी मिळून ४७. सगळं वजा जाता ४२३ रुपये उरतात.

हे ४२३ म्हणजे एक ऑर्डर मिळवायला तुम्ही जास्तीत जास्त किती खर्च करू शकता याची हद्द. त्याच्या वर गेलात की पदरचे पैसे घालून आंबे वाटताय.

शंभर जण पानावर आले आणि दोघांनी ऑर्डर दिली, म्हणजे दर दोन टक्के, तर एका क्लिकला परवडणारी रक्कम ४२३ गुणिले ०.०२, म्हणजे ८ रुपये ४६ पैसे. पण जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. आगाऊ पैसे भरून जाहिरात चालवताना भरलेल्या हजारातला कर आधीच वळता होतो आणि साधारण ८४७ रुपयेच जाहिरातीला उरतात. कपड्यांच्या दुकानदाराची नोंदणी असेल तर त्याला हा कर इनपुट क्रेडिट म्हणून परत मिळवता येतो. ताजं फळ मात्र जीएसटीतून मुक्त आहे, आणि करमुक्त मालाच्या विक्रीसाठी केलेल्या खर्चावर क्रेडिट मिळत नाही. म्हणजे आंबेवाल्याला हे अठरा टक्के पूर्ण अंगावर पडतात. आंबापोळी आणि आमरसाचे डबेही विकत असाल तर वाटणी कशी करायची ते आपल्या सीएला विचारा. निव्वळ आंब्यापुरतं, ८.४६ भागिले १.१८, म्हणजे ७ रुपये १७ पैसे. हा तुमचा क्लिकचा खरा कमाल दर.

आता क्लिक १२ रुपयांना मिळतोय असं समजा. शंभर क्लिकचे १,२०० आणि कर २१६, एकूण १,४१६. ऑर्डरी दोन. एकेक ऑर्डर ७०८ रुपयांना पडली, म्हणजे प्रत्येक खोक्यामागे २८५ रुपयांचं नुकसान. बहुतेक जण इथेच जाहिरात बंद करतात आणि ‘ऑनलाइन जाहिरात चालत नाही’ असं ठरवून टाकतात.

पण आंबा एकदाच घेऊन थांबणारे लोक कमी असतात. दहा नव्या गिऱ्हाइकांपैकी चौघांनी याच हंगामात किंवा पुढच्या वर्षी प्रत्येकी आणखी दोन खोके मागवले, तेही तुम्ही पाठवलेल्या साध्या मेसेजवरून, तर दहा जणांकडून एकूण १८ खोके गेले. १८ गुणिले ४२३, भागिले १०: एका गिऱ्हाइकामागे ७६१ रुपये. आता ७०८ ला मिळालेलं गिऱ्हाईक परवडलं. जाहिरात तीच, क्लिकचा दर तोच, निकाल उलटा. फक्त यात दोन अटी आहेत. पुन्हा मागवणाऱ्यांचा आकडा तुमच्या वहीतून आलेला हवा, मनातून नव्हे. आणि आजचे पैसे वर्षभर अडकून राहणार, ते सोसण्याची ताकद हवी.

लग्नाच्या हॉलसारख्या धंद्यात गिऱ्हाईक सहसा पुन्हा येत नाही, तिथे पहिल्याच व्यवहारात खर्च निघायला हवा. दातांच्या दवाखान्यात एक माणूस आला की घरातले चौघे येतात, तिथे पहिल्या भेटीत तोटा चालतो. ‘एका क्लिकला किती द्यावेत?’ या प्रश्नाला सगळ्यांसाठी एक उत्तर नसण्याचं कारण हेच आहे.

किती पैसे घालून पारख करावी

दोन टक्के दर हा अंदाज झाला. खरा दर जाहिरात चालवल्यावरच कळतो. आणि तो कळायला किती क्लिक लागतात याबाबत फार उतावीळपणा होतो. खरा दर दोन टक्के असला तरी पहिल्या शंभर क्लिकमध्ये एकही ऑर्डर न येण्याची शक्यता तेरा टक्क्यांच्या वर असते. म्हणजे साधारण साडेसातांतल्या एका बागायतदाराला पान उत्तम असूनही पहिले शंभर क्लिक कोरडे जातील. दीडशे क्लिक कोरडे गेले तर मात्र कान टवकारा. दर खरोखर दोन टक्के असता तर असं शंभरातून पाचच वेळा घडलं असतं. तीनशे क्लिकपर्यंत चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. आठ रुपयांच्या हिशोबाने तीनशे क्लिकचे २,४०० आणि कर धरून २,८३२ रुपये. ही रक्कम बुडीत धरूनच परीक्षा घ्यायची. तेवढी सोसत नसेल तर सोसायट्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, गुगलवरचं मोफत बिझनेस प्रोफाइल किंवा पणन मंडळाचा पुण्यातला आंबा महोत्सव हे मार्ग आधी बघा.

पैसे गळतात ती भोकं

गुगलवर सर्च कॅम्पेन, म्हणजे शोधाच्या निकालांत दिसणारी जाहिरात, तयार करताना काही खाने आधीच भरलेले असतात, आणि ते गुगलच्या सोयीने भरलेले असतात. ‘डिस्प्ले नेटवर्क’ (इतर साइट आणि अ‍ॅपवरच्या जागा) आणि ‘सर्च पार्टनर’ (गुगलबाहेरची शोधाची ठिकाणं) यांवरची खूण काढा, नाहीतर हापूस शोधणाऱ्यासाठी ठेवलेलं बजेट एखाद्या गेममध्ये चुकून लागलेल्या बोटावर खर्च होतं.

ठिकाणाच्या खान्यात पुणे निवडलं तरी मूळ सेटिंग ‘पुण्यात असलेले किंवा पुण्यात रस दाखवणारे’ असं असतं. डिलिव्हरी फक्त पुण्यात असेल तर ‘असलेले’ एवढंच ठेवा. आंब्याच्या बाबतीत मात्र दुसऱ्या भागाचा उपयोग आहे. दुबई किंवा न्यू जर्सीत बसलेला मुलगा कोथरूडच्या आईवडिलांसाठी पेटी मागवतो. त्याच्यासाठी वेगळी कॅम्पेन करा, वेगळं बजेट द्या आणि ‘परदेशातून ऑर्डर, पुण्यात घरपोच’ असा वेगळा मजकूर लिहा. परदेशी कार्ड तुमच्या गेटवेवर चालतं का, तेही आधी बघून घ्या. दोन्ही एकाच कॅम्पेनमध्ये कोंबले की कशातून काय आलं ते कळत नाही.

भाषेचा खाना दिसत असेल तर त्यात फक्त मराठी निवडू नका. मराठी घरातही कित्येकांचा फोन इंग्रजीत असतो.

सर्वांत मोठं भोक कीवर्डचं, म्हणजे कोणत्या शोधशब्दांवर जाहिरात दिसावी याचं. ‘ब्रॉड मॅच’मध्ये, म्हणजे सैल जुळणीत, ‘हापूस आंबा’ टाकलं की आंब्याची कलमं, आंब्याचं लोणचं, मिल्कशेकची कृती, आंब्याचे फोटो, वाशी मार्केटचा आजचा भाव, असल्या शोधांवरही जाहिरात लागू शकते. प्रत्येक क्लिकचे पैसे तुमचे. सुरुवात ‘फ्रेज’ किंवा ‘एक्झॅक्ट मॅच’ या जास्त काटेकोर जुळणीने करा आणि नको असलेल्या शब्दांची निगेटिव्ह यादी पहिल्याच दिवशी भरा: कलम, रोप, नर्सरी, लोणचं, रेसिपी, फोटो, वॉलपेपर, सिनेमा, मार्केट भाव. निगेटिव्ह शब्दांना गुगल समानार्थी शब्द किंवा अनेकवचनी रूपं आपणहून लावत नाही. म्हणून ‘रोप’ आणि ‘रोपं’ दोन्ही टाका, आणि लोक मराठी रोमन अक्षरांत लिहितात तीही रूपं टाका. पहिला आठवडाभर रोज ‘सर्च टर्म्स’चा अहवाल उघडा. लोकांनी खरोखर काय टाइप केलं ते तिथे दिसतं. या अहवालावर घालवलेल्या दहा मिनिटांइतका फायदा खात्यातल्या दुसऱ्या कुठल्याच कामाने होत नाही.

बजेटबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. रोजचे ५०० रुपये ठरवले तरी एखाद्या दिवशी १,००० पर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याची बेरीज ५०० गुणिले ३०.४ च्या आत राहील एवढीच हमी असते. आठच दिवस जाहिरात चालवणाऱ्याला या सरासरीचा आधार नसतो.

ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतील, आणि आंब्याच्या बहुतेक येतात, तर जाहिरातीतून आलेली ऑर्डर ओळखायची सोय आधी करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये मेसेज आधीच लिहून ठेवता येतो. गुगलवरून येणाऱ्यांच्या पानावर ‘नमस्कार, हापूस हवा आहे (जी-१)’ आणि इन्स्टाग्रामवरून येणाऱ्यांच्या पानावर ‘(आय-१)’. फुकटची युक्ती आहे आणि महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा खात्रीची.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामचं वेगळेपण

गुगलवर माणूस हापूस शोधत आलेला असतो. इन्स्टाग्रामवर तो मित्राच्या मुलाचं बारसं बघत असतो आणि मध्ये तुमचा आंबा येतो. म्हणून इथे क्लिक स्वस्त पडला तरी ऑर्डरीचा दर बहुधा कमी असतो. दोन्हीकडच्या क्लिकच्या किमतींची तुलना करण्यात अर्थ नाही, तुलना ऑर्डरीच्या किमतीची करा.

मेटाची यंत्रणा तुम्ही मागाल तेच शोधून देते, अगदी शब्दशः. उद्दिष्ट ‘ट्रॅफिक’ दिलं तर सवयीने कशावरही क्लिक करणारे लोक देईल. पोस्टखालचं ‘बूस्ट’ बटण दाबून उद्दिष्टाकडे लक्षच दिलं नाही, तर बहुधा लाइक आणि कॉमेंट करणारे मिळतात. ऑर्डरी हव्यात तर अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये जाऊन ‘सेल्स’ निवडावं लागतं. तिथे एक अडचण येते. यंत्रणेला नीट शिकायला एका अ‍ॅड सेटमध्ये (एकाच बजेटखालचा जाहिरातींचा गट) आठवड्याला साधारण ५० अपेक्षित कृती लागतात. ऑर्डर ४०० रुपयांना पडत असेल तर आठवड्याचे वीस हजार झाले. छोट्या बागायतदाराला ते शक्य नाही, आणि हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. त्यामुळे ऑर्डरऐवजी ‘व्हॉट्सअ‍ॅपवर संभाषण सुरू झालं’ ही ऑर्डरच्या आधीची, स्वस्त कृती उद्दिष्ट म्हणून द्यावी आणि एकच अ‍ॅड सेट ठेवावा. दर दोन दिवसांनी बजेट, फोटो, वयोगट बदलत बसलं की शिकणं पहिल्यापासून सुरू होतं.

जाहिरातीशिवायही आला असता तो

इथवरचा हिशोब बरोबर असूनही फसवा ठरू शकतो, आणि जाहिरातीतला सर्वांत महाग गैरसमज इथे आहे. जाहिरातीवर क्लिक करून ऑर्डर दिली याचा अर्थ जाहिरातीमुळे ऑर्डर आली असा होत नाही. गेल्या वर्षीचा गिऱ्हाईक गुगलवर तुमच्या बागेचं नाव टाकतो, सर्वांत वर तुमची जाहिरात दिसते, तो तिच्यावर क्लिक करतो. जाहिरात नसती तर खालच्या मोफत निकालावर केलं असतं. त्या क्लिकचे पैसे वाया गेले, पण अहवालात ही सर्वांत ‘यशस्वी’ जाहिरात दिसते.

ईबेने याची मोठी परीक्षा घेतली. मार्च २०१२ मध्ये त्यांनी याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या सर्चवर ‘ईबे’ या नावावरच्या जाहिराती बंद केल्या. गेलेल्या क्लिकपैकी ९९.५ टक्के मोफत निकालांतून परत आले. मग इतर शब्दांवरच्या जाहिराती अमेरिकेच्या सुमारे ३० टक्के भागांत बंद करून बाकीच्या भागांशी तुलना केली. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांनी २०१५ मध्ये ‘इकॉनॉमेट्रिका’त निष्कर्ष छापले: सरासरी परतावा उणे ६३ टक्के. नवख्या आणि क्वचित येणाऱ्यांवर जाहिरातीचा परिणाम होत होता, पण पैसे मुख्यतः नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या क्लिकवर जात होते.

यावरून ‘जाहिरात व्यर्थ’ असं म्हणणं घाईचं होईल. ईबे सगळ्यांना माहीत होतं. देवगडची तुमची बाग कोणाला माहीत नाही. अनोळखी माणसापर्यंत पोचण्यासाठी जाहिरात उपयोगी पडते, ओळखीच्या माणसाला पुन्हा आणण्यासाठी क्वचितच. म्हणून स्वतःच्या नावावर बोली लावू नका. दुसरा कोणी तुमच्या नावावर बोली लावत असेल तेवढाच अपवाद.

अशी परीक्षा लहान धंद्यातही घेता येते, फक्त ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना आंब्यात करायची नाही. एप्रिलमध्ये मागणी आपोआप चढते आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उसळते. जाहिरात त्याच वेळी सुरू केली की सगळं श्रेय तिला जातं. शहरं वाटून घ्या. समजा दोन्हीकडे जाहिरात बंद असताना पंधरवड्यात पुण्यातून ४० आणि नाशिकमधून २० ऑर्डरी आल्या. पुढच्या पंधरवड्यात फक्त पुण्यात जाहिरात केली: पुण्यातून ७२, नाशिकमधून ३०. नाशिक जाहिरातीशिवाय दीडपट झालं, म्हणजे पुणंही हंगामाच्या जोरावर ६० पर्यंत गेलंच असतं. जाहिरातीचं श्रेय १२ ऑर्डरींचं. गुगल आणि मेटाचे अहवाल मिळून कदाचित ३० सांगत असतील, कारण एकाच ऑर्डरीवर दोघेही हक्क सांगतात. मेटा साधारणपणे सात दिवसांत झालेला क्लिक आणि एका दिवसात नुसती पाहिलेली जाहिरातही स्वतःच्या नावावर लावतो, गुगल तीस दिवसांतला क्लिक.

कर धरून ७,०८० रुपये खर्च झाला असेल तर अहवालाप्रमाणे ऑर्डर २३६ रुपयांना पडली, प्रत्यक्षात ५९० ला. ४२३ च्या हद्दीने पाहिलं तर तोटा. ७६१ च्या हद्दीने, आणि ते बारा जण खरोखर नवे असतील तर, फायदा. आकडे लहान असल्यामुळे नशिबाचा भाग मोठा असतो, तेव्हा पुढच्या पंधरवड्यात शहरं उलटी करा. ऑर्डरींची विभागणी पत्त्यावरूनच होते, पुण्याचे पिन ४११ ने आणि नाशिकचे ४२२ ने सुरू होतात.

साइटच लेखांची असेल तर

काही विकायचं नाही, फक्त लेखांवर अ‍ॅडसेन्समधून कमवायचं आहे, अशा साइटसाठी जाहिरात विकत घेणं जवळपास कधीच परवडत नाही. हजार वाचकांमागे ६० रुपये मिळतात असं धरा आणि क्लिक अगदी एक रुपयाला मिळाला असं धरा. हजार रुपये देऊन साठ कमावले. वाचक पुढे कित्येक वर्षं मेल वाचणार असेल किंवा तुमचा कोर्स घेणार असेल तरच विचार करा.

एजन्सीला काम देताना

खातं तुमच्या मेल आयडीवर उघडा आणि एजन्सीला त्यात फक्त प्रवेश द्या. एजन्सीने स्वतःच्या खात्यात जाहिराती चालवल्या तर करार संपल्यावर सगळा इतिहास तिच्याकडेच राहतो. फी खर्चाच्या टक्केवारीत असेल तर खर्च कमी करण्याचा सल्ला तिच्याकडून येणार नाही, ठरावीक रक्कम बरी. महिन्याच्या अहवालात इंप्रेशन (जाहिरात किती वेळा दिसली), रीच (किती जणांना दिसली), क्लिक यांची पानं भरलेली असतील आणि एका नव्या गिऱ्हाइकामागचा खर्च कुठेच नसेल, तर तो आकडा लेखी मागा. गुगलकडून फोन येतात आणि ‘ऑप्टिमायझेशन स्कोअर’ शंभरावर न्या असं सांगतात. त्या स्कोअरने लिलावात काही फरक पडत नाही, आणि बऱ्याच सूचनांचा अर्थ बजेट वाढवा, कीवर्ड सैल करा असाच असतो. सूचना आपोआप लागू होण्याचं सेटिंग बंद ठेवा.

हंगाम संपताना

मेच्या शेवटी फळ उरतं पण पाऊस जवळ येतो, वाहतूक रखडते आणि खराब फळांच्या तक्रारी वाढतात. बदली फळाचा खर्च पाच टक्क्यांवरून बारा-पंधरावर गेला की ४२३ ची हद्द २८३ ते २२३ वर येते. तेव्हा फळ संपेपर्यंत न थांबता शेवटच्या गाडीच्या तीन-चार दिवस आधी जाहिराती थांबवा. कॅम्पेन पुसू नका, नुसती पॉज करा. निगेटिव्ह शब्दांची यादी आणि कोणत्या शोधातून ऑर्डरी आल्या त्याची नोंद पुढच्या मार्चमध्ये जशीच्या तशी कामाला येते. आणि ऑर्डरच्या फॉर्ममध्ये एक ओळ पहिल्या दिवसापासून ठेवा: ‘पुढच्या वर्षी पहिली पेटी निघाली की व्हॉट्सअ‍ॅपवर कळवू का?’ ‘हो’ म्हणणाऱ्यांचे नंबर, पिन कोड आणि किती खोके घेतले हे एका वहीत किंवा शीटमध्ये लिहून ठेवा. पुन्हा मागवणाऱ्यांचा खरा आकडा त्यातूनच निघेल, आणि पुढच्या हंगामात क्लिकला सात रुपये द्यायचे की बारा, हे त्यावरच ठरेल.